मूळ देश

रास अल खैमा. हॉटेलच्या कामगारांची इमारत, तिसरा मजला.
दिलमान रखवालदार वहीतून नावं ओरडत होता :
तीनशे अठरा, वामान! वामान!
मी म्हटलं, चला, आपलं माणूस आलं.
डब्यात उरलेले दोन रव्याचे लाडू कागदात बांधले,
दार वाजवलं. 'वामनराव, कुठले तुम्ही? कराडकडचे?'

दारात एक बुटका. तांबूस चेहरा, वर आलेली गालफडं.
त्यानं लाडवांकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि छातीवर हात ठेवून म्हणाला,
'पेरू.'

आता मी जतचा. पेरू म्हटलं की मला
शाळेच्या फाटकाशी गोणपाटावरचा ढीग दिसतो,
चार फाका करून आत तिखटमीठ,
आणि पोपटानं टोचलेला हमखास गोड.
वाटलं, भुकेला आहे बिचारा, फळ मागतोय.
मी मान हलवली : नाही, लाडू.

असा आमचा दोन देशांचा परिचय.

विल्बेर वामान स्वयंपाकघरात मासे चिरायचा,
मी तळघरात, धुलाईला.
त्याचे डगले यायचे लिंबाच्या आणि सुरमईच्या वासाचे.
मी म्हणालो खमीस, तो म्हणाला कामीसा.
मी साबण, तो खाबोन.
बादली उचलून दाखवली, तर बाल्दे.
मेजावर थाप मारली, तर मेसा.
कोणा खलाशाचं पोतं फाटकं असणार,
थोडं त्याच्या किनाऱ्याला सांडलं, थोडं आमच्या.

'पगार' म्हणालो तेव्हा मात्र तो ताडकन उठला.
त्याच्याकडे पगार म्हणजे देणं,
आमच्याकडे पगार म्हणजे मिळणं.
तेव्हा तिसरा महिना लागला होता,
आणि दोन्ही अर्थांनी काहीच घडत नव्हतं.

रात्री जिन्यात बसायचो, तिथं जरा वारा.
तो समुद्राचा नव्हताच. डोंगरातला, खूप वरचा,
जिथं पाहुण्याला आधी धाप लागते, मग चहा मिळतो.
त्याची आई बटाटे कडाक्याच्या थंडीत उघड्यावर पसरते,
सकाळी पायानं तुडवते, मग उन्हात वाळवते.
माझी आई गच्चीवर सांडगे घालते.
दोघींच्या हातात काठी : तिकडे कुत्री, इकडे कावळे.
एवढं सांगायला आम्हांला
सोळा शब्द, एक काडी आणि पाऊण तास लागला.

एकदा बाजारात एका अरबाच्या मनगटावर ससाणा होता,
डोळ्यांवर कातड्याची टोपी.
विल्बेरनं मला कोपरानं ढोसलं : 'वामान.'
म्हणजे त्याच्या आजीच्या बोलीत ससाण्याचं नाव ते.
मग मी आमचा वामन सांगितला. बोटांनी तीन पावलं टाकली :
ही जमीन, हे आभाळ, आणि हे तिसरं...
माझं बोट माझ्याच डोक्यावर येऊन थांबलं.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
पक्षीही तसाच बसून होता,
बांधलेला, ऐटीत.

पैसे आले ते एका मंगळवारी, अर्धेच.
मोठ्या दुकानात गेलो. फळांच्या रांगेत मी थबकलो,
हिरवट पिवळं एक उचलून त्याच्या नाकाशी धरलं.
'ग्वायाबा,' तो म्हणाला.
'पेरू,' मी म्हणालो.
'पेरू?'
'पेरू.'
तो हसायला लागला, ट्रॉलीला धरून, खाली बसून,
डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि नंतरही पाणीच.
मी उगाच भाव वाचत राहिलो.

फळावर चिकटपट्टी होती, मूळ देश : भारत.
त्यानं ती नखानं अलगद सोडवली,
आपल्या ओळखपत्रावर, नावाच्या खाली लावली,
आणि फाटकाशी दिलमानला इतक्या गंभीरपणे दाखवली
की दिलमाननं वही उघडलीसुद्धा.

तिखट त्याच्या स्वयंपाकघरातलं, मीठ माझ्याकडचं.
जिन्यात बसून खाल्ला.
मग दातात अडकलेलं बी
जिभेनं काढत राहिलो दोघं,
कितीतरी वेळ, काही न बोलता.